दोन ग्राफिक्स कार्डांची तुलना कशी करावी
मुंबईतील लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात १२ जीबी मेमरीचे एनव्हिडिया आरटीएक्स ३०६० आणि ८ जीबीचे आरटीएक्स ४०६० यांतून एक निवडताना केवळ मॉडेल क्रमांकावर विसंबू नये. पहिल्याची मेमरी बस (मेमरीतून डेटा ने-आण करणारा मार्ग) १९२ बिटची तर दुसऱ्याची १२८ बिटची आहे, मात्र दुसरे १७० ऐवजी ११५ वॉटमध्ये भागवते.

शक्य असल्यास दोन्ही कार्डे एकाच संगणकात, त्याच ड्रायव्हरवर (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर), त्याच रिझोल्यूशनला आणि गेममधील त्याच प्रसंगात तपासावीत. डीएलएसएस या एनव्हिडियाच्या तंत्रातील फ्रेम जनरेशन (एआयने मधल्या जादा फ्रेम्स तयार करणे) बंद ठेवावे, कारण ३०६० वर ते मिळतच नाही. सरासरी एफपीएसपेक्षा (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्सपेक्षा) ‘१ टक्का लो’, म्हणजे सर्वांत संथ एक टक्का फ्रेम्सचा वेग, हा आकडा मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण खेळताना जाणवणारे अडखळणे त्यातच उमटते. मुंबईच्या मे महिन्यातील उकाड्यात तर कार्ड अर्धा तास तापू द्यावे आणि मगच नोंदी घ्याव्यात.