म्हाताऱ्या पक्षकारांच्या केसेस आणि न्यायाधीशांचं वागणं : नाशिकमध्ये वकिली सुरू करताना मला काय कळलं

वकिलीच्या दुसऱ्या वर्षी गिरणारे भागातल्या एका आजींनी भर कोर्टात मला तोंडावर पाडलं, आणि त्यांना बिचाऱ्यांना ते कळलंसुद्धा नाही. दावा होता बक्षीसपत्र रद्द करण्याचा. वादी आजी, प्रतिवादी थोरला मुलगा, आणि आजींना ऑफिसला घेऊन आलेला धाकटा मुलगा. कागद त्यानेच आणले, फी त्यानेच दिली, हकीकतही त्यानेच सांगितली, आजी बाकावर बसून पिशवीतल्या गोळ्या मोजत होत्या. माझ्या सिनिअर सरांनी दावा ड्राफ्ट केला, मी सरतपासाचं शपथपत्र, म्हणजे आजींची लेखी साक्ष, तयार केलं, "आजी, यात लिहिलंय ते सगळं खरं ना?" विचारलं, त्यांनी मान हलवली, अंगठा घेतला, झालं. साक्षीच्या दिवशी न्यायाधीश साहेबांनी आधी आजींना खुर्ची द्यायला सांगितली, मग धाकट्याला बाहेर बसायला सांगितलं आणि उलटतपास सुरू व्हायच्या आधी स्वतः एकच प्रश्न विचारला, की तुम्ही आज इथे कशासाठी आलात?

आजी म्हणाल्या, "चष्म्याला. ह्यो म्हनला नाशिकला डोळ्याचा डॉक्टर चांगलाय."

मागे दोघं-तिघं हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी प्रश्न आणि उत्तर जसंच्या तसं स्टेनोला सांगितलं, "साक्षीदार गोंधळलेली दिसते" वगैरे स्वतःचं काही घातलं नाही, दावाही फेटाळून टाकला नाही. जवळची तारीख दिली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, तुमचा पक्षकार कोण आहे ते आधी ठरवून या." मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

हे सगळं आता लिहायचं कारण म्हणजे माझ्याकडे येणाऱ्या ज्युनिअर्सना ज्युडिशियल एथिक्स, म्हणजे न्यायाधीशाच्या वागण्याची नीती, म्हटलं की लाच नाहीतर ओळखीपाळखी एवढंच डोळ्यासमोर येतं. आणि जेएमएफसीची, म्हणजे कनिष्ठ न्यायाधीशपदाच्या परीक्षेची, तयारी करणारी मुलं तर पाठच करतात, १९९७ साली सुप्रीम कोर्टाने स्वीकारलेली सोळा कलमांची न्यायिक जीवनमूल्यं, न्यायाधीशांच्या वागण्याबद्दलची २००२ ची बंगलोर तत्त्वं, म्हणजे स्वातंत्र्य, निःपक्षपातीपणा, सचोटी, औचित्य, समानता, सक्षमता आणि तत्परता. पाठ करा, परीक्षेत आणि मुलाखतीत कामाला येईल. पण त्या समानतेच्या तत्त्वात जात, धर्म, लिंग यांच्या रांगेत 'वय' हा शब्द पण आहे हे कोणी नीट वाचत नाही. त्याचा अर्थ मला त्या आजींच्या खुर्चीपाशी कळला. खुर्ची देणं, मुलाला बाहेर बसवणं आणि थेट त्यांनाच विचारणं, ही दया नव्हती, कारण त्या प्रश्नाने आमची म्हणजे आजींचीच केस खिळखिळी झाली होती की.

आता साक्षीचं सांगते. जुन्या पुरावा कायद्याचं ११८ आणि आताच्या भारतीय साक्ष अधिनियमाचं १२४, साक्ष कोण देऊ शकतो त्याचं कलम. त्यात अतिवार्धक्य असा उल्लेख आहे, आणि समोरच्या बाजूचे काही वकील तेवढाच शब्द उचलतात. कलम असं म्हणतच नाही की म्हातारा साक्षीदार चालत नाही. प्रश्न समजतो का आणि त्याला समजून उत्तर देता येतं का, एवढंच बघायचं, आणि ते कोर्टाने बघायचं, वकिलाने आरडाओरडा करून ठरवायचं नाही. आणि ते बघायची पद्धत पण असते. "आज तारीख काय?" हा सगळ्यात वाईट प्रश्न, रिटायर माणसाला तारीख कशाला लागते, मलासुद्धा कोर्टाचा रोजच्या केसेसचा बोर्ड बघितल्याशिवाय सांगता येत नाही. एका केसमध्ये ऐंशीच्या पुढच्या बाबांना वकिलाने विचारलं, खरेदीखत कोणत्या साली झालं, बाबा म्हणाले, मागच्याच्या मागच्या सिंहस्थात. वकील म्हणे साल सांगा, साल सांगा, चार वेळा. बाबा गप्प. मग साहेबांनी थांबवलं आणि म्हणाले, नाशिकच्या माणसाने सिंहस्थ सांगितला म्हणजे साल सांगितलं, मागचा २०१५ चा, त्याच्या मागचा २००३ चा, पण मी बाबांचे शब्दच लिहिणार, साल लिहिणार नाही, अर्थ काय तो तुम्ही युक्तिवादात काढा. मला हे फार आवडलं. साक्षीदाराच्या तोंडात साल घातलं नाही आणि त्याला वेंधळाही ठरू दिलं नाही. त्याच बाबांनी नंतर जमिनीची चतुःसीमा न चुकता सांगितली, कोणत्या बाजूला कोणाची द्राक्षबाग आणि बांधावर किती बोराची झाडं होती ते पण. म्हणून तुमचा साक्षीदार काळ कशाने मोजतो ते आधी विचारून ठेवा, बहात्तरचा दुष्काळ, गोदावरीचा पूर, मुलीचं लग्न, काहीही असेल.

साक्ष झाल्यावर ती वाचून दाखवतात, तिथे घाई होऊ देऊ नका. ऐकू कमी येतं म्हणून माणसं "हो हो" म्हणतात, कारण परत विचारायला लाज वाटते. मी सरळ उठून सांगते की साहेब, यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, मोठ्याने वाचायला सांगा. आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही.

तारखेबद्दल. हा खरा दुखरा भाग आहे. ८५ वर्षांच्या वादीला चार महिन्यांनंतरची तारीख देणं म्हणजे नुसती तारीख नसते. आमच्याच आजींचं बघा, त्या दावा चालू असताना गेल्या असत्या तर वारस कोण, दोन्ही मुलं आणि मुलगी, म्हणजे प्रतिवादी थोरलाही वारस म्हणून वादीच्या जागी यायला उभा. मग खरं काय घडलं हे सांगणारं माणूसच उरलं नसतं. तत्परता हे मूल्य बंगलोर तत्त्वांमध्ये उगाच घातलेलं नाही. आपल्या हातात काय आहे, तर आधार कार्ड जोडून प्राधान्याने चालवण्याचा अर्ज द्या, आणि माणूस खूपच थकलेला असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर १८ रूल १६ खाली साक्ष लगेच नोंदवून घ्यायचा अर्ज करा, अंथरुणावर असेल तर ऑर्डर २६ खाली साक्ष नोंदवायला कोर्ट कमिशनर घरी पाठवायची मागणी करा. हे अर्ज ज्युनिअर करत नाहीत कारण सिनिअर सांगत नाहीत, आणि सिनिअर सांगत नाहीत कारण त्यांना सवयच पडलीय तारीख पुढे ढकलायच्या मुदत अर्जाची. असो.

पण म्हाताऱ्या माणसाचं सगळं खरं असंही नाही हो. एका भाडेकरूच्या केसमध्ये समोर घरमालक काका होते, वय ८१, दर तारखेला तब्येतीचं कारण, डॉक्टरचं सर्टिफिकेट. साहेबांनी ना आवाज चढवला ना शंका घेतली, शांतपणे कमिशनर नेमला की काकांना त्रास नको, घरीच साक्ष घेऊ. कमिशनर घरी गेला तर काका घरी नाहीत, दुकानावर, गल्ल्यावर बसलेले. पुढच्या तारखेला काका आपल्या पायांनी कोर्टात हजर. इथे साहेबांनी वयाचा मान पण ठेवला आणि वयाची ढाल पण होऊ दिली नाही, मला तरी यापेक्षा चांगला मार्ग सुचला नसता.

यावरून हाक मारण्याची गोष्ट आठवली. एक न्यायाधीश होते ते कधीच कोणाला आजी, आजोबा म्हणायचे नाहीत, नाव घेऊन पुढे बाई किंवा राव लावायचे. मला वाटायचं काय कोरडा माणूस आहे. एकदा समोरच्या बाजूची सून माझ्याशी बोलताना म्हणाली, दुसऱ्या कोर्टात साहेबांनी सासूला 'आई' म्हटलं तेव्हाच मी समजले आपलं काही खरं नाही. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. न्यायाधीशाच्या मनात काही नसेलही, पण ऐकणाऱ्या दुसऱ्या पक्षकाराला एका शब्दात निकाल ऐकू येतो. मी स्वतः अजून आजीच म्हणते, वकिलाला चालतं, डायसवरच्या माणसाला नाही चालत असं माझं मत झालंय.

अजून एक प्रसंग, नाशिकरोडचे एक काका, रिटायर, मुलगा घरात घेत नाही म्हणून केस. ते एक दिवस गेटवर न्यायाधीशांच्या गाडीपाशी अर्ज घेऊन उभे राहिले. साहेबांनी अर्ज हातात घेतला नाही, काही बोललेही नाहीत, शिपायाला सांगून काकांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात पोचवलं. काका माझ्याकडे येऊन रडले, म्हणे साहेबाला माणुसकी नाही. त्यांना समजवायला मला अर्धा तास लागला, की काका, उद्या तुमचा मुलगा असाच गाडीपाशी उभा राहिला आणि साहेबांनी त्याचं ऐकून घेतलं तर तुम्हाला चालेल का. हे आपण पहिल्याच भेटीत सांगायला हवं, मी सांगितलं नव्हतं. कायदेशीर मदतीसाठी नालसाचा, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा, १५१०० आणि ज्येष्ठांच्या बाकी अडचणींसाठी १४५६७ हे दोन नंबर मी आता कागदावर मोठ्या अक्षरात लिहूनच देते. बाई असेल तर मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नसते हे पण लक्षात ठेवा.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखालची प्रकरणं कोर्टात नाही, प्रांत साहेबांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याच्या ट्रिब्युनलपुढे चालतात, नवीन मुलं हमखास इथे चुकतात. ६० वर्षं पूर्ण झालेला माणूस अर्ज करू शकतो, निर्वाहाची रक्कम महिना जास्तीत जास्त १०,००० रुपये, नोटीस लागल्यापासून ९० दिवसांत निकाल आणि फार तर एकदा ३० दिवस वाढ. कलम १७ म्हणतं वकील नको. केरळ हायकोर्टाने २०२१ मध्ये वकिलाला उभं राहता येईल असं म्हटलं, पण अडवलं जाऊ शकतं हे धरूनच तयारी करा, म्हणजे अर्ज असा लिहा की तुम्ही दाराबाहेर उभ्या असाल तरी काकांना तो समजावून सांगता येईल. प्रांत अधिकारी न्यायाधीश नसले तरी काम न्यायाचंच करतात, त्यामुळे गावातल्या पुढाऱ्याच्या फोनवर काही ठरायला लागलं तर तीही एथिक्सचीच गोष्ट झाली.

याच कायद्याच्या कलम २३ वर, म्हणजे सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता परत मिळवायच्या कलमावर, सगळ्यात जास्त लोक येतात. मुलाला बक्षीसपत्र करून दिलं, आता तो सांभाळत नाही. आपल्याकडे घर किंवा शेतजमीन मुलाला-मुलीला बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क नाममात्र २०० रुपये, त्यामुळे लोक फार विचार न करता करून टाकतात. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सुदेश छिकारा प्रकरणात म्हटलं की सांभाळण्याच्या अटीवर दिलं होतं हे दिसायला हवं, आणि जानेवारी २०२५ मध्ये उर्मिला दीक्षित प्रकरणात म्हटलं की हा कल्याणाचा कायदा आहे, अर्थ उदारपणे लावा, ट्रिब्युनल ताबाही परत देऊ शकतं. दोन्ही वाचा, एकच वाचून युक्तिवाद करू नका. आणि सुनेला घराबाहेर काढण्याची मागणी असेल तर २०२० चा एस. वनिता निकाल आधी वाचा, कारण राहण्याचा हक्क तिलाही आहे आणि तिचं ऐकल्याशिवाय तिला बाहेर काढणं हा न्याय नाही, सासू कितीही म्हातारी असो.

आजींचं पुढे काय झालं ते राहिलंच. मी त्यांना पंचवटीत त्यांच्या मुलीच्या घरी एकटीने भेटले, दोनदा. पहिल्यांदा नुसता चहा, दुसऱ्यांदा बोलल्या. बक्षीसपत्र त्यांनी समजून उमजूनच थोरल्याला दिलं होतं, जमीन त्यांना परत नकोच होती. थोरल्याने मागची खोली कुलूप लावून ठेवली होती जिथे त्या स्वतःपुरता स्वयंपाक करायच्या, त्यांना ती खोली हवी होती, बास. जमीन हवी होती धाकट्याला. शेवटी तडजोड झाली, हयात असेपर्यंत खोलीचा आणि विहिरीच्या पाण्याचा हक्क, महिन्याला ठरलेली रक्कम, अशी पुरसीस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, दिली. साहेबांनी अटी आजींना मराठीत दोनदा वाचून दाखवल्या, दोन्ही मुलांना बाहेर ठेवून, आणि विचारलं की तुमच्यावर कोणी दबाव आणलाय का. हे महत्त्वाचं आहे कारण मी दुसरीकडे एका न्यायाधीशाला असंही म्हणताना ऐकलंय की "घ्या आता मिटवून, किती दिवस राहिलेत तुमचे". ते ऐकून अंगावर काटा येतो. मिटवायचं की नाही हे त्या माणसाचं, त्याच्या उरलेल्या दिवसांचा हिशोब कोर्टाने करायचा नसतो.

धाकट्याने राहिलेली फी दिली नाही, आणि तो बरोबरच होता एका अर्थाने, कारण पक्षकार तो नव्हताच. सर माझ्यावर दोन आठवडे चिडले होते.

आता माझा नियम असा, म्हातारा पक्षकार आला की पहिली भेट एकट्याची, आणलेल्या माणसाला खाली चहा प्यायला पाठवायचं, मग तो कितीही रागावो. हकीकत त्यांच्या शब्दांत लिहायची, फी कोण देतंय ते विचारायचं, शपथपत्र घेताना "खरं ना?" विचारायचं नाही, "यात काय लिहिलंय ते मला सांगा" असं म्हणायचं. साक्षीच्या आदल्या दिवशी चष्मा, कानाचं मशीन, त्याचे जास्तीचे सेल आणि गोळ्यांची वेळ विचारून ठेवायची, आणि सकाळी कोर्टाच्या कचेरीतल्या शिरस्तेदारांना भेटून सांगायचं की आमचा साक्षीदार वयस्कर आहे, शक्य असेल तर जेवणाच्या सुट्टीआधी घ्या. आणि ज्यांना तीन वर्षांची प्रॅक्टिस करून जेएमएफसी द्यायचीय, मे २०२५ पासून ती अट परत आलीच आहे, त्यांनी आपली मॅटर नसेल तेव्हाही अशा साक्षी बघायला मागे बसा. न्यायाधीश खुर्ची कधी द्यायला सांगतात, कोणाला बाहेर पाठवतात, कोणता प्रश्न अडवतात आणि कोणता अडवत नाहीत, हे डायरीत लिहून ठेवा. मी सहा वर्षं लिहितेय, तिसरी डायरी चालू आहे.