एलव्हीएम वापरताना या चुका टाळा

एलव्हीएम म्हणजे लिनक्समध्ये डिस्कची जागा लवचिकपणे वाटण्याची सोय: डिस्क किंवा पार्टिशनं एका व्हॉल्यूम ग्रुपमध्ये जमा होतात आणि त्यातून हवे तेवढे लॉजिकल व्हॉल्यूम काढता येतात. व्हॉल्यूम वाढवायला एलव्हीएक्सटेंड चालवलं, व्हॉल्यूमची यादी देणारं एलव्हीएस वाढलेला आकार दाखवतंय, पण फाइल सिस्टीममधली जागा दाखवणाऱ्या डीएफमध्ये आकडा जुनाच. बिघडलेलं काही नाही. लॉजिकल व्हॉल्यूम वाढला, त्यावरची फाइल सिस्टीम होती तेवढीच राहिली. एक्सटी४ असेल तर रिसाइझटूएफएस चालवा, एक्सएफएस असेल तर एक्सएफएस-ग्रोएफएस. दोन्ही माउंट असतानाच वाढवता येतात. पुढच्या वेळी एलव्हीएक्सटेंडलाच हायफन आर जोडा, म्हणजे दोन्ही कामं एकदम होतील.

व्हर्च्युअल मशीनची डिस्क वाढवल्यावर हाच घोळ एक मजला खाली होतो. एलएसबीएलके चालवून बघा: डिस्क १०० जीबी, तिच्यावरचं पार्टिशन मात्र ५० जीबीच. आधी पार्टिशन वाढवा, मग पीव्हीरिसाइझ चालवून ती वाढ एलव्हीएमला कळवा, तेव्हा कुठे व्हॉल्यूम ग्रुपमध्ये मोकळी जागा दिसेल.

आकार कमी करताना क्रम उलटा, आणि डेटा जातो तो इथेच. एक्सटी४ आधी अनमाउंट करायची, ईटूएफएससीके चालवून तपासायची, फाइल सिस्टीम लहान करायची आणि मगच एलव्हीरिड्यूस. आधी व्हॉल्यूम कापलात तर फाइल सिस्टीमचं शेपूट तुटतं. एक्सएफएसच्या बाबतीत तर लहान करण्याचा विचारच सोडा. बॅकअप घ्या, नवा लहान व्हॉल्यूम बनवा, डेटा परत आणा.

म्हणूनच इन्स्टॉल करतानाच सगळी जागा वाटून टाकू नका. ही सवय पार्टिशनच्या काळातली आहे. तिथे शेजारच्या पार्टिशनमुळे नंतर वाढायला वाव नसायचा, म्हणून सुरुवातीलाच सढळ हाताने जागा द्यावी लागे. एलव्हीएममध्ये आज लागेल तेवढीच द्या, उरलेली ग्रुपमध्ये मोकळी ठेवा.

ही मोकळी जागा स्नॅपशॉटलाही, म्हणजे व्हॉल्यूमची त्या क्षणीची स्थिती टिपून ठेवायलाही लागते. साध्या स्नॅपशॉटमध्ये मूळ व्हॉल्यूमवरचा ब्लॉक बदलण्याआधी त्याची जुनी प्रत साठवली जाते. ती जागा भरली की स्नॅपशॉट बाद, त्यातून परत काही मिळत नाही. आपोआप वाढण्याची सोय एलव्हीएमच्या कॉन्फिग फाइलमध्ये आहे, पण मुळात ती बंद असते. एलव्हीएसमधल्या डेटा टक्क्यावर लक्ष ठेवा आणि काम झालं की स्नॅपशॉट काढून टाका. तो मूळ व्हॉल्यूमवरच अवलंबून असतो, त्यामुळे त्याला बॅकअप समजू नका.

दोन डिस्क एकाच ग्रुपमध्ये घातल्या की मोठी सलग जागा मिळते, हे खरं. पण मिररिंग (तोच डेटा दोन डिस्कवर ठेवणं) नसेल आणि व्हॉल्यूम दोन्हींवर पसरलेला असेल, तर एक डिस्क गेल्यावर तो अख्खा व्हॉल्यूम हातचा जातो. वेगवेगळी पार्टिशनं असती तर दुसऱ्या डिस्कवरचा डेटा तरी शाबूत राहिला असता. महत्त्वाच्या डेटाखाली रेड, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा टिकेल अशी अनेक डिस्कची मांडणी, हवंच. जुनी डिस्क कुरकुरायला लागली असेल, तर ती पूर्ण बंद पडायच्या आत नवी डिस्क ग्रुपमध्ये घेऊन पीव्हीमूव्हने डेटा हलवा. हे चालू सिस्टीमवर करता येतं, आणि माझ्या मते एलव्हीएम वापरण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे.

यूईएफआयचं, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या फर्मवेअरचं, बूट पार्टिशन मात्र एलव्हीएमबाहेरच ठेवा, फर्मवेअरला लॉजिकल व्हॉल्यूम वाचता येत नाही. आणि एकच डिस्क, मांडणी कधी बदलणार नाही अशी मशीन असेल, तर साधी जीपीटी (पार्टिशनची हल्लीची नेहमीची पद्धत) पार्टिशनं पुरेशी आहेत.