साथीच्या काळात गटाने कयाकिंग: कोल्हापूरकरांनी या चुका टाळाव्यात

साथीच्या काळात कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद छोटी होडी, घेऊन नदीवर जाण्याचा बेत आखताना बहुतेक गटांची सावधगिरी भलत्याच ठिकाणी खर्ची पडते. वल्ह्यांना सॅनिटायझर चोळले जाते, उघड्या वाऱ्यात काठावर उभे असताना कोणाचा मास्क नाकाखाली घसरला यावरून एकमेकांना दटावले जाते, आणि हीच मंडळी पहाटे काचा बंद करून, एसी लावून, एका गाडीत दाटीवाटीने बसून आलेली असतात. कोरोनाचा विषाणू बंद आणि कोंदट जागेत अधिक सहज पसरतो, ही गोष्ट 2020 आणि 2021 या दोन वर्षांनी पुरेशी स्पष्ट केली आहे. त्या दृष्टीने नदीचे पात्र ही सहलीतील सर्वांत कमी जोखमीची जागा ठरते. खरी जोखीम गाडीत, मुक्कामाच्या खोलीत आणि रात्रीच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या पंगतीत असते. मात्र पाण्यात एखादा सोबती उलटला की अंतर राखण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि नियोजनाची खरी सुरुवात या मुद्द्यापासून व्हायला हवी.

नेहमीचीच नदी, नेहमीचाच टप्पा निवडणे

खळाळत्या पाण्याची काठिण्यपातळी आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर एक (सर्वांत सोपे) ते सहा (सर्वांत अवघड) अशी धरली जाते. एरवी तिसऱ्या वर्गाच्या पाण्यात सहज वावरणाऱ्या गटाने साथीच्या काळात दुसऱ्या वर्गावर समाधान मानावे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यामागे तीन कारणे आहेत. पहिले कारण बचावाच्या पद्धतीत आहे. उलटलेल्या सोबत्याची कयाक रिकामी करण्यासाठी वाचवणारा स्वतःची कयाक तिच्या टोकाशी काटकोनात आणतो, ते टोक उचलून आपल्या मांडीसमोर आडवे घेतो, पाणी निथळू देतो आणि मग दोन्ही कयाक एकमेकींना घट्ट बिलगवून सोबत्याला आत चढवतो. या सगळ्या वेळात धापा टाकणाऱ्या दोघांच्या चेहऱ्यांमध्ये हातभराचेही अंतर नसते. असे प्रसंग कमी यावेत, यासाठी पाणीच सोपे निवडणे हा एकमेव उपाय आहे. दुसरे कारण असे की, टाळेबंदीत महिनोन्महिने घरी बसलेल्यांचा सराव तुटलेला असतो, म्हणून निघण्यापूर्वी परवानगी असलेल्या एखाद्या संथ तलावात उलटलेल्या कयाकमधून बाहेर पडण्याचा सराव प्रत्येकाने करावा. तिसरे कारण सांगायची गरज पडू नये; ऑक्सिजनच्या खाटांसाठी नातेवाईक वणवण करत असताना निखळलेला खांदा घेऊन रुग्णालयात जाणे कोणालाच परवडणारे नाही.

पंचगंगेला आणि बंधाऱ्यांना गृहीत धरणे

प्रवासावर निर्बंध आले की घराजवळचे पाणी खुणावू लागते. 2020-21 मध्ये जिल्हा ओलांडायला ई-पास लागत असे; अशा वेळी दूर कशाला जायचे, पावसाळ्यात भोगावती किंवा पंचगंगाच का नको, असा विचार मनात येतो. हा विचार घातक आहे. पंचगंगेत लहानपणी पोहायला शिकलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्यालाही कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे कयाकच्या दृष्टीने असलेले रूप ठाऊक नसते. या बंधाऱ्यांच्या दगडी खांबांमधील गाळे पावसाळ्यानंतर बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून बंद करतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर ते बरगे काढले जातात. बरगे काढलेल्या गाळ्यांतून पाणी जोराने निघते, आणि आडवी झालेली कयाक दोन खांबांना टेकली की प्रवाहाच्या दाबाने तिथेच चिणल्यासारखी अडकते. पाणी बंधाऱ्यावरून वाहू लागले की धोक्याचे स्वरूप बदलते. खाली पडणारे पाणी तळाशी जाऊन पुन्हा बंधाऱ्याकडे वळते आणि त्यात सापडलेला माणूस, लाइफ जॅकेट अंगावर असूनही, त्याच जागी फिरत राहू शकतो. वरच्या बाजूने पाहणाऱ्याला मात्र फक्त एक गुळगुळीत आडवी रेषा दिसते. असा बंधारा पार करण्याचे कौशल्य शिकण्यापेक्षा त्याच्या बऱ्याच आधी काठाला लागून कयाक खांद्यावरून पलीकडे नेणे शहाणपणाचे आहे.

धरणातून होणारा विसर्ग हा याच चुकीचा दुसरा भाग आहे. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात, आणि एका दरवाजातून 1428 क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट) पाणी भोगावतीत येते. तेव्हा सकाळी पाहिलेली नदी दुपारी तशीच असेल, असे मानता येत नाही. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याजवळ 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी आहे. परंतु हे आकडे काठावरच्या वस्त्यांसाठी आहेत, आणि पाणी 39 फुटांच्या खाली आहे म्हणजे कयाक उतरवता येते, असा त्यांचा अर्थ मुळीच होत नाही. पावसाळ्यात या नद्यांवर गट नेऊच नये.

त्यापेक्षा नियंत्रित पाण्यावर जावे. कोलाडजवळची कुंडलिका भिरा येथील वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्यावर वाहते, तर दांडेलीच्या बाजूला गणेशगुडीजवळची काळी नदी सुपा धरणाच्या विसर्गावर अवलंबून असते. दोन्ही ठिकाणी स्थानिक जाणकार मार्गदर्शक घ्यावा आणि पाणी कधी सोडणार, याची आदल्या दिवशी खात्री करून घ्यावी, कारण साथीच्या काळात नेहमीचे वेळापत्रक पाळले जाईलच असे नाही. काळी नदीवर जाण्यासाठी राज्याची सीमा ओलांडावी लागते. 2021 मध्ये कोगनोळी नाक्यावर कर्नाटकात शिरणाऱ्यांकडे 72 तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल मागितला जात होता, आणि गाडीतल्या एकाचा अहवाल नसला तरी अख्ख्या गटाचा खोळंबा होत असे. म्हणून ही मुदत घरून निघण्याच्या वेळेला न जोडता नाक्यावर पोहोचण्याच्या वेळेला जोडून मोजावी.

गाड्यांचा आणि वर्गणीचा हिशेब आधी न करणे

कयाक एका ठिकाणी उतरते आणि कित्येक किलोमीटर खाली जाऊन थांबते, त्यामुळे शेवटी सगळे भिजलेले लोक मिळेल त्या गाडीत कोंबून परत वर आणले जातात. घराघरानुसार गाड्या वाटून केलेली सारी काळजी या अर्ध्या तासात वाया जाते. यावर सोपी तोड अशी की, खालच्या टोकाला आधीच प्रत्येक चालकासाठी एकेक दुचाकी ठेवावी, चालकांनी तिच्यावरून वर जाऊन आपापली गाडी आणावी आणि बाकीच्यांनी तोवर उघड्यावर थांबावे. प्रवासात काचा खाली असाव्यात.

वर्गणीचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, तरी तोच सर्वाधिक नडतो. भरलेले पैसे परत मिळणार नाहीत या भीतीने माणूस सकाळचा खोकला लपवतो. आजारी पडणाऱ्याची वर्गणी पूर्ण परत मिळेल, हे पहिल्याच दिवशी ठरवून सर्वांना कळवावे. पाण्यावर तीनपेक्षा कमी कयाक नसाव्यात. आयत्या वेळी कोणी गळाल्यामुळे ही संख्या खाली आली, तर सहल रद्द करावी. सहाच्या वर गेली, तर दोन तुकड्या करून त्या स्वतंत्रपणे सोडाव्यात.

मास्क, साहित्य आणि कृत्रिम श्वास

पाण्यावर मास्क घालू नये. भिजलेले कापड तोंडाला चिकटून श्वास अडवते आणि मास्कमधून शिट्टीही फुंकता येत नाही. कोरडा मास्क पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवून काठावर वापरावा. हेल्मेट आणि लाइफ जॅकेट अदलाबदल करू नये. ते धुण्यासाठी साबण पुरेसा आहे. ब्लीचने कापड व पट्टे कमकुवत होतात. चिखलाने माखलेल्या हातांवर सॅनिटायझरचा विशेष उपयोग होत नाही, तिथेही साबणच हवा.

कृत्रिम श्वासाचा प्रश्न मात्र घरीच सोडवावा लागतो. 2020 मध्ये हृदय बंद पडलेल्या अनोळखी व्यक्तीची केवळ छाती दाबावी, असा सल्ला सर्वसामान्यांना दिला जात होता. बुडालेल्या माणसाची गोष्ट वेगळी असते, कारण त्याला प्राणवायूच मिळालेला नसतो आणि छाती दाबण्याबरोबर त्याला श्वास देणेही आवश्यक असते. त्यासाठी एकदिशा झडप (उलट हवा येऊ न देणारी) असलेला, तोंडावर धरून श्वास देण्याचा पॉकेट मास्क प्रथमोपचाराच्या पेटीत असावा आणि तो वापरण्याचे प्रशिक्षण घेतलेली किमान दोन माणसे गटात असावीत.

परतल्यावर आलेल्या तापाचा एकच अर्थ लावणे

सहलीनंतर आठवडाभरात ताप आला की सर्वांना आधी कोरोनाच आठवतो आणि तशी चाचणी करणे योग्यही आहे. परंतु नदीच्या पाण्यातून, विशेषतः अंगावर खरचटलेले असताना, लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य आजाराची लागण होऊ शकते. त्याचीही सुरुवात ताप, डोकेदुखी आणि अंगदुखीने होते आणि लक्षणे दिसण्याचा काळही कोरोनाशी बराच जुळतो. चाचणी निगेटिव्ह आली म्हणून घरी स्वस्थ बसणे यामुळे महागात पडू शकते. डॉक्टरांना आपण कोणत्या नदीत, कोणत्या तारखेला उतरलो होतो आणि पोटऱ्या विलक्षण दुखत आहेत का, हे न विचारताच सांगावे. त्याच दिवशी गटातील बाकीच्यांनाही फोन करून कोणाला ताप आहे का, याची विचारपूस करावी.