दुसऱ्यांदा ‘बनगरवाडी’ वाचताना या चुका टाळा

कॉलेजात असताना आवडलेली कादंबरी पुन्हा वाचायचं ठरतं, पुस्तक कपाटातून उशाशी येतं आणि तिथेच राहतं. माझ्याकडे व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) अशी दोन वर्षं पडून होती. जेमतेम दीडशे पानांचं पुस्तक!

पहिली चूक इथेच झाली. मी निवांत रविवारची वाट बघत होते. पहिल्या वाचनाला सलग वेळ लागतो, कारण गोष्टीचा धागा सुटायला नको असतो. दुसऱ्या वेळी गोष्ट ठाऊकच असते. मग कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंतची दहा मिनिटंसुद्धा पुरतात. रोज दहा पानं म्हटली तरी पंधरवड्यात पुस्तक होतं. मधे चार दिवस खंड पडला तर पहिल्यापासून सुरू करू नका, मागची दोन पानं चाळा आणि पुढे चला.

दुसरी चूक म्हणजे ‘हे माहीत आहे’ म्हणून भराभर पानं उलटणं. मला आठवत होतं ते एवढंच: मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, शाळा भरवतो, तालीम बांधून घेतो. शेकूची बायको एका बैलाच्या जोडीला स्वतः जू ओढते, तो प्रसंग मी तेव्हा ‘केवढी धीराची बाई’ म्हणून पुढे ढकलला होता. या वेळी त्या पानावर पुस्तक मिटून बसून राहिले. शेवटी दुष्काळ पडून वाडी ओस पडणार, हे माहीत असताना सुरुवातीची मेंढरं, पाऊस, कारभाऱ्याचं बोलणं वाचणं फार वेगळं असतं. माहीत असणं ही इथे अडचण नाहीच, तोच दुसऱ्या वाचनाचा खरा फायदा आहे.

तिसरी, विसाव्या वर्षीचा आनंद जसाच्या तसा मिळावा ही अपेक्षा. तो मिळत नाही. तेव्हा मास्तर मला माझ्या बरोबरीचा वाटला होता, आता तो पोरसवदा वाटतो आणि माझं लक्ष म्हाताऱ्या कारभाऱ्याकडे जातं.

अमोल पालेकरांचा सिनेमा चांगला आहे, पण तो आधी बघू नका. तुमच्या डोळ्यांसमोरची वाडी पुसली जाते.

आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.