गाडीतल्या लायटर सॉकेटच्या जागी टाइप-सी पोर्ट बसवताय? मी केलेल्या या चुका टाळा

मागच्या गणपतीला पुण्याहून माणगावमार्गे गावी निघालो, मॅप चालू, गाणी चालू, फोन चार्जिंगला लावलेला, आणि ताम्हिणी उतरेपर्यंत बॅटरी ४२ वरून ३१ वर. चार्जिंगचं चिन्ह दिसतंय आणि टक्के मात्र उतरतायत. लायटरच्या भोकात खुपसलेला जुना चार्जर ५ व्होल्ट १ अँपिअरचा, म्हणजे जेमतेम ५ वॉट, आणि फुल ब्राइटनेस, जीपीएस आणि घाटात नेटवर्क शोधून दमलेला फोन एवढं सहज गिळतो. परत आल्यावर ठरवलं की सॉकेटच काढायचा आणि तिथे पक्का टाइप-सी पोर्ट बसवायचा. काम दोन तासांचं आहे. मला तीन रविवार लागले.

पहिला रविवार गेला चुकीचा पोर्ट आणल्यामुळे. बॉक्सवर ९५ वॉट, १२० वॉट असं ठळक लिहिलेलं असतं ती बहुतेक वेळा सगळ्या पोर्टांची बेरीज असते. मागे बारीक अक्षरात प्रत्येक पोर्टचे व्होल्ट आणि अँपिअर दिलेले असतात, ते वाचा. सी पोर्टपुढे ५, ९, १५, २० असे व्होल्ट दिसले तर तो खरा पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे व्होल्ट वाढवून जलद चार्ज करायची पद्धत), आणि नुसतं ५ व्होल्ट ३ अँपिअर लिहिलं असेल तर १५ वॉटच्या वर काही मिळणार नाही, भोक कितीही नवीन असो. सॅमसंगवाल्यांनी पीपीएस (फोन मागेल तसे व्होल्ट बारीक बदलणारा पीडीचाच प्रकार) लिहिलंय का तेही बघा. ज्यांच्या फोनसोबत ६७ नाहीतर ८० वॉटचा विटेएवढा चार्जर आलाय त्यांनी गाडीत तो स्पीड मिळेल ही आशा सोडलेली बरी, ती त्या त्या कंपनीची वेगळी पद्धत असते आणि साध्या पीडी पोर्टवर तो फोन त्याहून बराच हळू चार्ज होतो. मॅपसाठी तेवढं रग्गड आहे. लॅपटॉप लावणार असाल तर केबल ५ अँपिअरची घ्या, कारण साधी सी-टू-सी केबल ३ अँपिअरला म्हणजे ६० वॉटला थांबते आणि मग आपण बिचाऱ्या पोर्टला शिव्या घालत बसतो.

दुसरी गोष्ट भोकाच्या मापाची. बाजारात मिळणारे गोल पोर्ट बहुतेक २८-२९ एमएमच्या भोकासाठी असतात, गाडीच्या पॅनलचं भोक तेवढंच असेल असं नाही. आधी व्हर्नियर कॅलिपरने मोजा. मी नाही मोजलं, कानसने घासत बसलो.

फ्यूज वायरसाठी असतो, फोनसाठी नाही

यावर जरा थांबतो, कारण गाड्या इथेच जळतात. आमची हॅचबॅक २०१४ ची, सेकंडहँड घेतलेली. स्टिअरिंगखालचं फ्यूजबॉक्सचं झाकण काढलं, झाकणाच्या आतल्या चार्टवर सॉकेटपुढे १५ अँपिअर लिहिलेलं, आणि प्रत्यक्ष जागेवर हिरवा फ्यूज. निळा असतो १५ चा, हिरवा ३० चा. आधीच्या मालकाचा फ्यूज सारखा उडत असणार आणि कोणीतरी 'हा घ्या, आता नाही उडणार' म्हणून बसवून दिला असणार. खरंच नाही उडणार हो, त्याच्या आधी वायर वितळेल! कारण मागची वायर १५ च्याच हिशोबाची आहे. फ्यूज उडतोय म्हणजे पुढे काहीतरी शॉर्ट आहे नाहीतर भार जास्त होतोय, ते शोधायचं, मोठा फ्यूज टाकायचा नाही.

हिशोब अवघड नाही. पोर्ट ६५ वॉट देणार, त्यात थोडी उष्णतेत वाया जाणार, म्हणजे गाडीकडून ७२-७३ वॉट ओढणार, भागिले १२, साधारण ६ अँपिअर. त्याला १० चा लाल फ्यूज आणि १.५ स्क्वेअर एमएमची वायर बस झाली. स्पीकरची ती केसासारखी वायर घरात पडलीये म्हणून वापरू नका, मी वापरली होती, लॅपटॉप लावल्यावर दहा मिनिटांत हाताला चटका बसण्याइतकी तापली.

जुन्या सॉकेटचीच वायर वापरणार असाल तर प्रश्नच मिटला. वेगळी लाइन ओढायची असेल तर फ्यूज टॅप मिळतो, फ्यूजच्या जागी बसतो आणि त्यात दोन फ्यूज लागतात, एक जुन्या लाइनचा, एक आपला. तो उलटाही बसतो आणि तरी चालतो, ही खरी गंमत. उलटा बसला की आपला करंटसुद्धा जुन्या फ्यूजमधून जातो आणि त्याच्यावर दोघांचा भार पडतो. ओळखायची ट्रिक अशी की जुना फ्यूज टॅपमधून काढून ठेवायचा, फक्त आपला ठेवायचा आणि चावी फिरवायची. पोर्ट लागला तर बरोबर, नाही लागला तर टॅप फिरवून बसवा. हा प्रयोग वायपर, रेडिओ असल्या फ्यूजवर करा. एअरबॅग, एबीएस, इंजिनचे फ्यूज याला हात लावायचा नाही, आणि पिवळे कपलर (वायरींचे जोड) दिसले की ते एअरबॅगचे समजून हात मागे.

चावी काढली तरी चालू?

दुसऱ्या रविवारी सगळं बसवलं, निळ्या आकड्यांचा व्होल्टमीटर असलेला पोर्ट, रात्री काय झकास दिसायचा. बायको म्हणाली विमानात बसल्यासारखं वाटतंय. मी सप्लाय घेतला होता बॅटरीच्या डायरेक्ट लाइनवरून, म्हणजे चावी काढली तरी आकडे चालूच. मल्टीमीटर लावून पाहिलं तर डिस्प्ले सुमारे २० मिलिअँपिअर खात होता. ऐकायला काहीच नाही. पण दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-अवर, तीन आठवडे गाडी उभी राहिली की १०, आणि आमची बॅटरी ३५ ची, शिवाय गाडीची स्वतःची घड्याळ-अलार्मची खाबूगिरी वेगळी. दिवाळीनंतर खाली गेलो तर स्टार्टर नुसता टक टक. सोसायटीतल्या काकांकडून जंपर केबल आणली, त्यांनी सल्लाही फुकट दिला. म्हणून सप्लाय चावीसोबत बंद होणाऱ्या लाइनवरूनच घ्या, टेस्ट लॅम्प लावून चावी काढा, दिवा विझला पाहिजे.

अर्थचं, म्हणजे मायनसची वायर गाडीच्या बॉडीला जोडायचंही तसंच. काळी वायर दिसेल त्या स्क्रूला गुंडाळू नका, प्लास्टिकमध्ये घुसलेला स्क्रू अर्थ देत नाही आणि रंगावर घट्ट केलेला बोल्ट अर्धवट देतो. बॉडीचा बोल्ट घ्या, खालचा रंग खरवडा, थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी) लावून आवळा. जॉइंटला काळी टेप नको, उन्हात उभ्या गाडीत तिचा चिकट लगदा होतो, हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी) घाला. जुन्या सॉकेटमध्ये मधली पिन प्लस आणि बाहेरचं कवच मायनस असतं, पण जोडण्याआधी मल्टीमीटरने बघाच, आकड्याआधी वजाची खूण आली तर वायरी उलट्या आहेत. आणि मोजून झालं की वायरींना हात लावण्याआधी बॅटरीची मायनसची तार काढायची, १० नंबरच्या पान्याचं एका मिनिटाचं काम.

एक चूक मात्र पस्तावण्यासारखी. गाडीत एकच १२ व्होल्टचा सॉकेट असेल तर तो काढूच नका. टायरमध्ये हवा भरायचा पंप त्याच्यावरच चालतो, टाइप-सीवर नाही. मी काढला होता, पाऊस पडत असताना हायवेला टायर बसल्यावर आठवलं. आता जुना सॉकेट परत जागेवर आहे आणि पोर्ट शेजारच्या रिकाम्या बटणाच्या खाचेत.

बसवल्यावर काही बिघडलं तर आधी व्होल्टमीटर बघा. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ हवं. बॅटरीवर तेवढं आहे आणि लॅपटॉप लावला की पोर्टवर १२ च्या खाली जातंय, तर मधला जॉइंट नाहीतर अर्थ ढिला. खड्ड्यात चार्जिंग तुटतं? तेही तेच, किंवा केबल. पोर्ट चालू केला की एफएमला खरखर येते? आतलं सर्किट स्वस्तातलं आहे, पोर्ट बदला, दुसरा इलाज मला सापडला नाही.

आणि पोर्ट एकदम मेला, तर लगेच पॅनल उघडू नका. परवा आमचा मेला, दोन तास वायरी तपासल्या, फ्यूज उडालेला, नवा टाकला तोही उडाला. शेवटी टॉर्च मारला तर जुन्या सॉकेटच्या तळाशी टोलनाक्यावर हातातून निसटलेलं रुपयाचं नाणं आडवं पडलेलं, पिन आणि कवच दोन्हीला टेकून. सॉकेट आणि पोर्ट, दोघांचा फ्यूज एकच. बॅटरीची तार काढून चिमट्याने नाणं बाहेर काढलं, एका कडेला काळं पडलंय, डॅशबोर्डवर ठेवलंय तसंच.