बेळगावात नवे बिऱ्हाड करताना : उंदीर, झुरळे आणि धान्यातील किडे

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडी या भागात नोकरीसाठी अथवा शिक्षणासाठी नव्याने येणाऱ्यांना घरभाडे, नळाचे पाणी आणि कन्नडमधील सरकारी कामकाज यांविषयी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. घरातल्या उंदरांविषयी मात्र पहिला पाऊस लागेपर्यंत कोणी बोलत नाही. साताऱ्याकडून येऊन मी येथे स्थायिक झालो त्याला बरीच वर्षे झाली, आणि तेवढ्या अनुभवावर माझे ठाम मत असे आहे की दुकानातून सापळा किंवा औषध आणण्यापूर्वी घरात नेमके कोण, कोणत्या वाटेने आणि किती संख्येने येते हे आठवडाभर नीट पाहावे.

येथे त्रासाचे दिवस साधारणपणे दोन वेळा येतात. जूनमध्ये पावसाने बिळे भरली की उंदीर कोरड्या जागेच्या शोधात घरांकडे वळतात, आणि पुढे भाताची कापणी होऊन उसाची तोड सुरू झाली की शेतालगतच्या वस्त्यांमध्ये त्यांची पुन्हा वर्दळ वाढते. शहापूर, वडगाव, खासबाग येथील जुन्या घरांच्या भिंती सामाईक असून वर कौले असल्यामुळे उंदराला एका माळ्यावरून दुसऱ्या माळ्यावर जाण्यास काहीच अडचण नसते. टिळकवाडीतील फ्लॅटमध्ये तो सांडपाण्याच्या पाइपांभोवतीच्या फटींतून चढतो. पेन्सिल आत जाईल एवढी, म्हणजे सुमारे 6 मिलिमीटरची फट लहान घरउंदराला पुरते. म्हणून अनामत रक्कम देण्यापूर्वीच मालकाकडून अशा फटी सिमेंटने बुजवून घ्याव्यात आणि मोरीच्या तोंडाला बारीक लोखंडी जाळी बसवून घ्यावी, कारण एकदा सामान आत आले की हे काम दिवाळीपर्यंत पुढे जाते.

पाहणीसाठी मुख्य खूण लेंड्यांची. लहान घरउंदराच्या लेंड्या तांदळाच्या दाण्याहूनही लहान, 3 ते 6 मिलिमीटरच्या व टोकदार असतात, तर मोठ्या काळ्या उंदराच्या सुमारे 12 मिलिमीटरच्या असतात. ताजी लेंडी मऊ व चकचकीत असते, जुनी वाळून बोटाने चुरते. तरीही अंदाज बांधत बसण्यापेक्षा सर्व लेंड्या जंतुनाशकाने भिजवून पुसून काढाव्यात (कोरडा झाडू मारू नये, धूळ श्वासात जाते) आणि दुसऱ्या दिवशी नव्या कोठे पडल्या ते पाहावे. रात्री भिंतीच्या कडेने रांगोळीचा पातळ थर भुरभुरला तर सकाळी पावलांवरून येण्याजाण्याची वाट स्पष्ट दिसते. घरात उग्र वास येत असेल आणि लांब सोंडेचा, बारीक डोळ्यांचा प्राणी दिसला तर ती चिचुंद्री आहे. ती मुख्यतः किडे व झुरळे खाते, त्यामुळे पिंजऱ्यात सापडली तरी बाहेर सोडून द्यावी.

सापळा नेहमी भिंतीला लावून ठेवावा, कारण उंदीर मोकळ्या जमिनीवरून न जाता भिंतीला अंग घासत चालतो. स्प्रिंगचा सापळा भिंतीशी काटकोनात आणि आमिषाचे टोक भिंतीकडे असा मांडावा. लहान उंदीर चौकस असल्यामुळे पहिल्याच रात्री सापडू शकतो, आणि त्याचा वावर थोड्याच मीटरांपुरता असल्याने एका कोपऱ्यात एक सापळा ठेवण्यापेक्षा दोन-तीन हातांच्या अंतरावर अनेक सापळे मांडणे फायद्याचे ठरते. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. त्याच्यासाठी पिंजरा काही रात्री दार बांधून उघडाच ठेवावा, आतले खाणे तो निर्धास्तपणे खाऊ लागला की मगच दार सोडावे. आमिष म्हणून गुळात मळलेले शेंगदाणे किंवा दोऱ्याने बांधलेला सुका बोंबील पुरतो. त्यासाठी बेळगावी कुंदा वाया घालवण्याची गरज नाही. चिकट पुठ्ठ्यांवर उंदीर तासन्‌तास तडफडत राहतो, आणि असे पुठ्ठे वापरू नयेत असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानेही सांगितले आहे. पकडलेला उंदीर पलीकडच्या गल्लीत सोडण्याची जी रीत येथे दिसते, तिच्यामुळे त्रास फक्त शेजाऱ्याच्या दारी जातो.

विषाकडे शेवटी वळावे. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या खाल्लेला उंदीर काही दिवसांनी, बहुधा हात न पोहोचणाऱ्या जागी मरतो आणि घरभर दुर्गंधी पसरते. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर घरात आणूच नये. ती पोटात गेल्यास यकृत निकामी होते आणि तिच्यावर नेमका उतारा नाही. धान्यात ठेवण्यासाठी कोणी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या देऊ केल्या तर स्पष्ट नकार द्यावा, कारण त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू झोपलेल्या कुटुंबाचा जीव घेऊ शकतो.

झुरळांचीही आधी ओळख पटवावी. मोरीतून येणारे मोठे तांबूस झुरळ जाळीने व झाकणाने अडवता येते. स्वयंपाकघरातले लहान झुरळ, ज्याच्या डोक्यामागे दोन गडद पट्टे असतात, ते ओट्याखाली आणि फ्रीजच्या मोटारीजवळ राहते आणि त्याच्या मादीच्या एका अंडकोशात 30 ते 40 अंडी असतात. ओट्याखाली, सिलिंडरमागे आणि फ्रीजखाली किड्यांसाठीचे लहान चिकट सापळे तारीख लिहून ठेवावेत व दर आठवड्याला संख्या मोजावी. ज्या जागी संख्या जास्त, तेथेच झुरळांसाठीच्या विषारी आमिषाच्या जेलचे बारीक ठिपके द्यावेत. त्याच जागी फवारा मारू नये, मारल्यास झुरळे जेलला तोंड लावत नाहीत.

वर्षाचे धान्य भरण्याची सवय असेल तर येथील आषाढ-श्रावणातील दमट हवा लक्षात घ्यावी. धान्य कडक उन्हात वाळवून, थंड झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. कोइंबतूरच्या तामिळनाडू कृषी विद्यापीठाने यासाठी एक सोपा सापळा तयार केला आहे : 2 मिलिमीटरची छिद्रे असलेली नळी धान्यात उभी खोचायची, हवेच्या ओढीने सोंडे (धान्यातले बारीक किडे) छिद्रांतून आत शिरतात आणि खालच्या निमुळत्या भांड्यात पडतात. दाण्यावर काही दिसण्याच्या कितीतरी आधी कीड लागल्याचे या नळीमुळे कळते, आणि धान्य पुन्हा उन्हात घालण्यास वेळ मिळतो. कडधान्यावर पांढरे ठिपके दिसले तर ती भुंगेऱ्याची अंडी समजावीत. डाळींना व कडधान्यांना एरंडेलाचा हात लावण्याची जुनी पद्धत यावर खरोखर उपयोगी पडते. कडुलिंबाच्या पाल्यावर मात्र फार विसंबू नये, दाण्याच्या आत असलेल्या अळीला त्याने काही होत नाही.

खानापूरच्या बाजूला, रानालगत घर घेतलेल्यांनी उंदरांच्या मागोमाग धामण आणि नागही येतात हे ध्यानात ठेवून जळणाचा ढीग भिंतीपासून दूर रचावा. सामाईक भिंतींच्या गल्लीत राहणाऱ्यांनी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांशी बोलून एकाच संध्याकाळी सापळे मांडावेत, आणि कोणाच्या घरी किती सापडले ते पंधरा दिवस एकाच वहीत लिहावे, म्हणजे बीळ कोणत्या घराच्या माळ्याजवळ आहे याचा माग लागतो.