बोटीचा गिअर अडतोय? जोर लावण्याआधी केबल सोडा

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ऑगस्टात बोटीवरची ताडपत्री निघाली की मालवणच्या किनाऱ्यावर दरवर्षी कुणाचा तरी लिव्हर दगड झालेला असतो, आणि बाजूला उभा असलेला एक जण सांगत असतो, "तेल मार नि लाव जोर, सुटतला." जोर लावून सुटलेली केबल मी अजून पाहिलेली नाही. तुटलेल्या मात्र बऱ्याच पाहिल्या.

मी बोलतोय ते बाजूला कंट्रोल बॉक्स (लिव्हरचा डबा) आणि मागे आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून टांगलेलं मशीन असलेल्या छोट्या बोटींबद्दल. लिव्हर एकच, पण खाली केबल दोन: एक गिअरची, दुसरी रेसची.

आधी दोन खोटे बिघाड बाजूला काढा. लिव्हर पुढे जातो, आवाज वाढतो, पण गिअरच पडत नाही? न्यूट्रलमध्ये नुसती रेस देण्याचं बटण अडकलंय का बघा. गिअर पडतो, पण रेस दिल्यावर मशीन नुसतं ओरडतं? मग पंख्याच्या (प्रोपेलरच्या) आतलं रबर सरकलेलं असण्याची शक्यता जास्त. बॉक्स उघडत बसू नका.

आता चावी काढा, किल स्विचची (मशीन तातडीने बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढा आणि स्पार्क प्लगच्या टोप्याही काढा. टोप्यांचा कंटाळा करू नका, कारण पुढे गिअरमध्ये पंखा हाताने फिरवायचा आहे आणि तेवढ्यानेही मशीन चालू होऊ शकतं.

मशीनच्या टोकाची केबल सोडा आणि लिव्हर हलवा. हलका झाला तर दोष मशीनकडे आहे. तसाच जड राहिला तर बॉक्सच्या टोकाचीही केबल सोडा आणि हाताने ढकलून बघा. केबल जड लागली तर ती बदला. आत खारं पाणी शिरून तार गंजली की तेलाचा फवारा चार दिवस पुरतो, आणि पाचव्या दिवशी तुम्ही खाडीच्या मुखाशी असता. लांबी जुन्या केबलच्या वेष्टनावर छापलेली असते. दोन्ही केबल एकदमच बदला. बसवताना वळण आठ इंच त्रिज्येपेक्षा घट्ट नको. बस, एवढंच.

खरी मेख पुढे आहे: न्यूट्रल जुळवणं.

पहिल्या वेळी मी नवी केबल घातली, लिव्हर उभा केला, केबलच्या टोकाचा आट्यांचा जोड घुसला तिथे घुसवला आणि कॉटर पिन मारली. जेट्टीला येताना लिव्हर न्यूट्रलला आणला, पण बोट थांबेना. आत पुढचा गिअर अर्धा धरलेलाच होता. शेजारच्या होडीची कड फुटली आणि भरपाई मी दिली. लिव्हर न्यूट्रल दाखवतो म्हणजे मशीन न्यूट्रलमध्ये आहे असं नाही, हे त्या दिवशी कळलं. न्यूट्रल ठरवतो पंखा.

म्हणून सुरुवात मागून करा. मशीनवरचा गिअरचा दांडा हाताने मधोमध आणा. पंखा दोन्ही बाजूंना मोकळा फिरला पाहिजे. मग बॉक्सचा लिव्हर न्यूट्रलला ठेवा. केबलचं टोक हलकेच आत ढकला, अडलं की खूण करा. बाहेर ओढा, पुन्हा खूण. या दोन खुणांच्या बरोबर मध्ये तुमचं न्यूट्रल आहे. केबलला ढिलाई असतेच. ती एकाच बाजूला खाल्ली तर एक गिअर पूर्ण पडतो आणि दुसरा अर्धाच. जोड फिरवून असा जुळवा की दांड्याच्या पिनेवर तो जोर न लावता बसेल. ढकलावा लागला तर चुकलंय. जोडात आटे किमान ८ मिलिमीटर शिरलेले हवेत.

आता एकाला लिव्हरवर बसवा आणि तुम्ही पंख्याशी थांबा. मशीन बंद असताना आतले दात समोरासमोर येऊन अडतात, म्हणून पंखा हळूहळू फिरवत राहायचं आणि मगच गिअर टाकायचा. हे न करता मी एकदा रिव्हर्सला जोर लावला आणि नव्या केबलचं टोक वाकवलं. रिव्हर्समध्ये पंखा घट्ट अडला पाहिजे. पुढच्या गिअरमध्ये काही मशीनवर तो एका बाजूला टकटक करत फिरतो, ते चालतं.

आणि चालू मशीनवर गिअर हळुवार टाकणारे लोक मला बघवत नाहीत. करकर ऐकू आली म्हणजे दातांच्या कडा झिजताहेत, पुढे गिअर आपोआप सुटायला लागतो. रेस पूर्ण खाली आणायची आणि एका झटक्यात, खटकन.

रेसची केबल गिअरनंतरच जुळवा. न्यूट्रलला रेसचा दांडा खालच्या अडसराला टेकला पाहिजे, पूर्ण रेसला वरच्या.

शेवटी लॉकनट आवळा आणि पंखा पुन्हा फिरवून बघा, कारण आवळताना जोड अर्धा फेरा सरकतो. मग प्लगच्या टोप्या लावा आणि बोट पुढून-मागून दोरांनी बांधून पाण्यात तिन्ही गिअर तपासा. दोर सोडायचे ते त्यानंतर.